मांस, मासा आणि मास्तरांची पांढरी

आनिएल्लो मास्तरांचं आणि त्यांच्या होणाऱ्या व्याह्यांचं पहिलं बोलणं फोनवर झालं, आणि त्या पहिल्याच बोलण्यात मास्तर पैज लावून बसले. खरं तर व्याह्यांशी पहिल्यांदा बोलताना माणसाने हवापाण्याच्या पुढे जाऊ नये. मास्तर हवेवरून पाण्यावर आले आणि पाण्यावरून वाइनवर घसरले.

त्यांची मुलगी लोरेदाना तिकडे वर उत्तरेत, तुरीनला नोकरी करायची. तिने तिकडचाच एदोआर्दो नावाचा मुलगा पसंत केला. मुलाचे वडील ओत्ताव्हियो बेर्गादानो म्हणजे आल्बा गावचे निवृत्त नोटरी. जन्मभर लोकांची खरेदीखतं आणि मृत्युपत्रं केलेली, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य खाली सही केल्यासारखं संपायचं. देहाने भरलेले. फोनच्या पडद्यावर त्यांचा चेहरा मावत नव्हता. एक गाल नेहमी बाहेरच राहायचा.

"लग्न तुमच्या इस्कियाला होतंय हे उत्तमच," ते म्हणाले. "समुद्र आहे, हवा आहे. फक्त वाइनची काळजी तुम्ही करू नका. आमच्याकडची तांबडी आम्ही घेऊन येतो. तुमच्याकडे काय, पांढरीच ना? चांगली असते ती. मासळीबरोबर."

'मुलगा हुशार आहे हो, चित्रकलेत,' असं म्हणतात ना, त्या सुरात ते 'मासळीबरोबर' म्हणाले.

आता मास्तर जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या मते जगात दोनच गोष्टी निर्विवाद होत्या. एक, पृथ्वी गोल आहे. दुसरी, पिएत्राव्हेर्दे गावाच्या वरच्या उतारावर त्यांची जी वीतभर द्राक्षबाग आहे, तिच्यातली बियांकोलेल्ला ही जगातली सर्वांत समजूतदार वाइन आहे. पहिल्या गोष्टीबद्दल कुणी वाद घातला असता तर त्यांनी हसून सोडून दिलं असतं.

"मासळीबरोबर तर चालतेच," मास्तर म्हणाले, "पण आमच्याकडे रविवारी ससा शिजतो. सशाबरोबर सगळं बेट हीच पितं. माझे आजोबा हीच प्यायचे."

"पीत असतील," व्याही म्हणाले. "दुसरं काही मिळत नसलं की माणूस काय पीत नाही?"

शेजारी बसलेल्या तीतावहिनींनी नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तीस वर्षांच्या संसारात त्या हाताने अनेक संकटं टाळली होती. या वेळी उशीर झाला.

"तुम्ही या," मास्तर कडाडले. "माझ्या घरी जेवा. ससा माझा, वाइन माझी. जेवताना एकदा जरी तुम्हाला तुमच्या तांबडीची आठवण आली, तर लग्नात सगळी वाइन तुमची. नाही आली, तर लग्नाच्या मांडवात तांबडीचा एक थेंब दिसता कामा नये."

ओत्ताव्हियो बेर्गादानोंनी चष्मा लावला, पडद्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. म्हणजे दस्त नोंदवला गेला.

पाचच मिनिटांत लोरेदानाचा फोन. "बाबा, तुम्ही माझं लग्न पैजेवर लावलंत?"

"लग्न नाही गं, फक्त वाइन."

"इकडे दोन्ही एकच समजतात," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

जूनच्या एका रविवारी जेवण ठरलं. हातात भरपूर दिवस होते, आणि मास्तरांच्या बाबतीत हीच खरी धोक्याची गोष्ट. वेळ कमी असता तर त्यांनी कसायाकडून ससा आणला असता, तीतावहिनींनी तो शिजवला असता आणि ही कथा इथेच संपली असती. पण मास्तरांनी जाहीर केलं, की व्याह्यांच्या पीएमोंते प्रांतातल्या माणसासमोर दुकानचा ससा ठेवणार नाही. ससा हवा तो खड्ड्यातला. पूर्वी इस्कियाचे लोक बागेत पुरुषभर खोल खड्डा खणून त्यात ससे सोडायचे. ते मातीत आपली बिळं करायचे, पळायचे, भांडायचे, आणि त्यामुळे अंगाने घट्ट व्हायचे. मास्तरांच्या बागेतही आजोबांचा असा एक खड्डा होता. गेली कित्येक वर्षं त्यात मोडक्या खुर्च्या राहत होत्या.

मास्तरांनी खुर्च्या काढल्या, डोंगरावरच्या चुलतभावाकडून एक करडा ससा आणला आणि खड्ड्यात सोडला. गावात कुणी काही सोडलं, की सल्ले सुटायला वेळ लागत नाही.

"एकटा ठेवलात?" शेजारच्या नुन्त्सियाताकाकू कुंपणावरून म्हणाल्या. काकूंचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती; तेव्हापासून त्या मास्तरांच्या घराला सल्ला देत असत. "एकटा ससा झुरतो हो. झुरलेल्याचं मांस कडू लागतं. माझ्या यांचं तसंच झालं होतं."

"मांस कडू?"

"स्वभाव. ते जाऊ दे. त्याला बडीशेपेचा पाला घाला. आतूनच मसाला लागतो."

तोबिया न्हाव्याचं मत वेगळं. मास्तरांच्या हनुवटीवर वस्तरा असताना तो मत देत असल्यामुळे ते खोडून काढता येत नसे. "पालाबिला काही नाही मास्तर. त्याला द्राक्षाची पानं. ज्या वेलीची वाइन, त्याच वेलीची पानं. म्हणजे ताटात आले की दोघं एकमेकांना ओळखतात. हलू नका."

मास्तरांनी दोन्ही घातलं. ससा दोन्ही खाऊन नुन्त्सियाताकाकूंचा झेंडूही खाऊ लागला, कारण खड्ड्यातून बाहेर पडायचं बीळ त्याने पहिल्याच आठवड्यात पूर्ण केलं होतं.

इकडे घरात तालीम सुरू झाली. रोज दुपारी मास्तर बाटली उघडत, पेला उजेडात धरत आणि तीतावहिनींना वर्गात बसवल्यासारखं बसवत.

"आता बघ. आधी वास. कड्यावर ती पिवळी फुलं येतात ना, ती. मग लिंबाची साल. गर नव्हे, साल. मग जिभेच्या कडांना मीठ, समुद्रावरून वारा आल्यासारखं. आणि घोट गेला की मागून हळूच कडू बदाम. काही राहिलं?"

"द्राक्षं," तीतावहिनी म्हणाल्या.

"काय?"

"बाकी सगळं आलं. द्राक्षं राहिली."

मास्तर अशा वेळी खिडकीबाहेर बघत. मग पदार्थांची पाळी. तीतावहिनींनी मीठ-लिंबातली बारीक मासळी केली. तिच्याबरोबर वाइन अशी काही खुलली, की मास्तरांचा चेहरा उतरला. शिंपल्यांबरोबर तर ती गाऊ लागली. भोपळ्याच्या फुलांची भजी, त्यांच्यात खारवलेल्या मासळीचा तुकडा. एक घास, एक घोट, आणि मास्तर डोकं धरून बसले.

"आता काय झालं?"

"मासळीबरोबर फारच चांगली लागते गं," मास्तर खोल आवाजात म्हणाले. "तो म्हणतो तशीच."

त्या दिवसापासून घरात मासळी बंद झाली. समुद्राच्या काठी राहून तीतावहिनी मसुराचं वरण खाऊ लागल्या.

अशात एका सकाळी गावचा शिपाई दारात उभा राहिला. वरच्या अंगाला घर घेऊन राहणाऱ्या एका जर्मन बाईंनी तक्रार केली होती, की शेजारच्या बागेत एका मुक्या जिवाला खड्ड्यात डांबून ठेवलंय. आणि तो जीव रोज संध्याकाळी त्यांच्याकडे कोबी खायला येतो, हे त्यांनी तक्रारीत पुरावा म्हणून लिहिलं होतं.

"सशाची नोंद आहे का मास्तर?" शिपायाने विचारलं.

"सशाची नोंद? माझ्या आजोबांनी कधी..."

"आजोबांचं बघायला मी नव्हतो. उद्या कचेरीत या."

कचेरीत खिडकीमागे जेर्वाझियो बसला होता. हा मास्तरांचा विद्यार्थी. मास्तरांनी त्याला भूगोलात दोनदा नापास केलं होतं, दोन्ही वेळा नद्यांवर. जेर्वाझियो अतिशय नम्रपणे उभा राहिला, मास्तरांना खुर्ची दिली आणि मग तेवढ्याच नम्रपणे म्हणाला, "ससा कशासाठी पाळलाय मास्तर? खाण्यासाठी की सोबतीसाठी?"

"खाण्यासाठी. उघड आहे."

"मग जनावरांचे डॉक्टर येऊन जागा बघतील. जागेचा नकाशा लागेल. खड्डा चालणार नाही. कापायचा असेल तर आधी कळवावं लागेल, आणि डॉक्टर सध्या रजेवर आहेत."

"कधी येतील?"

"सप्टेंबरात."

"आणि सोबतीसाठी असला तर?"

"तर आत्ता, इथे, लगेच," जेर्वाझियो म्हणाला. "एक सही."

मास्तरांच्या स्वाभिमानाने थोडी कुरकुर केली. मग त्यांनी सही केली. आपण एका सशाच्या सोबतीने राहतो असं त्यांनी सरकारला लिहून दिलं.

"नाव?"

"आनिएल्लो मात्तेरा. तुला माहीत नाही?"

"तुमचं नव्हे, सशाचं. रकाना रिकामा राहिला तर यंत्र पुढे सरकत नाही."

सशाला नाव! मास्तर विचारात पडले. मागे रांग वाढत होती. कुणीतरी खाकरलं. गेले कित्येक दिवस मास्तरांच्या डोक्यात उठताबसता एकच नाव घोळत होतं. तेच नाव, काही कळायच्या आत, त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"ओत्ताव्हियो."

"वा," जेर्वाझियो टाइप करत म्हणाला. "कुणाच्या नावावरून?"

"एका सद्गृहस्थाच्या," मास्तर म्हणाले आणि घाम पुसला.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा तीतावहिनी कांदा चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली. "अहो, व्याह्यांचं नाव सशाला ठेवलंत? आणि तोच कापून व्याह्यांना वाढणार?"

"कापता येत नाही आता. सोबतीचा आहे."

"मग वाढणार काय?"

"ते तू बघ," मास्तर म्हणाले. संसारातल्या सगळ्या मोठ्या प्रश्नांवर त्यांचं हेच उत्तर असे.

सोबतीच्या प्राण्याला खड्ड्यात ठेवायला मनाई होती, त्यामुळे ओत्ताव्हियो घरात आला. त्याने खिडकीतली तुळस खाल्ली, मास्तरांच्या बुटांच्या नाड्या खाल्ल्या, आणि एका दुपारी मास्तर झोपले असताना भिंतीला उलटा टेकवून ठेवलेला शाळेतला जुना इटलीचा नकाशा वायव्येकडून खायला सुरुवात केली. मास्तर उठले तेव्हा पीएमोंते प्रांत संपला होता आणि लिग्युरियाचा किनारा सुरू होता. मास्तरांना त्याला रागवायचं होतं, पण आतून कुठेतरी समाधानही वाटलं, आणि या गोंधळात त्यांनी त्याला गाजर दिलं.

गावाला अर्थातच दुसऱ्या दिवशी सगळं कळलं होतं. सशाचं नाव कळलं. ते नाव कुणाचं, हे मात्र तीतावहिनींनी कुणाला कळू दिलं नाही. तीच चूक झाली.

रविवारी मास्तर सूट घालून धक्क्यावर उभे राहिले. बोटीतून आधी लोरेदाना आणि एदोआर्दो उतरले, मग क्लोतिल्दे विहीणबाई, बारीक, नीटनेटक्या, हातात एक मोठा डबा पोटाशी धरलेला. सर्वांत शेवटी ओत्ताव्हियो बेर्गादानो, आणि त्यांच्यामागे हमालाच्या डोक्यावर तांबड्या वाइनची पेटी.

"पैज हरलो तर परत नेईन," ते मास्तरांना म्हणाले. "जिंकलो तर लगेच हाताशी असावी."

तोबिया न्हाव्याची तीनचाकी ठरवली होती. पेटी मागे उन्हात ठेवली, माणसं पुढे कोंबली आणि वरात गावाकडे निघाली. तोबियाला मास्तरांनी आधीच बजावलं होतं, की सशाबद्दल एक अक्षर काढायचं नाही. तोबियाने शब्द पाळला. नुन्त्सियाताकाकूंना बजावायचं मात्र राहून गेलं.

गाडी गल्लीत शिरली आणि गच्चीवरून काकूंची हाक आली, "मास्तर! अहो, तुमचा ओत्ताव्हियो सकाळी माझ्या अंगणात लेंड्या टाकून गेलाय!"

गाडीत सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"किती लठ्ठ झालाय!" काकू पुढे म्हणाल्या. "पोत्यासारखा लोळत असतो नुसता. लग्नापर्यंत थांबू नका, माझं ऐका. आजच उरकून टाका त्याला!"

ओत्ताव्हियो बेर्गादानोंनी चष्मा लावला. गच्चीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आपल्या बुटांकडे बघत होते. लोरेदाना हळू आवाजात म्हणाली, "बाबा, हे काय आहे?"

"ससा आहे," मास्तर म्हणाले. "नाव... म्हणजे, आदराने ठेवलंय."

त्यानंतर जो आवाज झाला तो गाडीच्या इंजिनाचा असावा असं सगळ्यांना वाटलं. पण इंजिन बंद होतं. क्लोतिल्दे विहीणबाई हसत होत्या. आधी रुमालात, मग रुमाल बाजूला ठेवून. एदोआर्दो नंतर म्हणाला, की आईला असं हसताना त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. समोर मास्तरांच्या दारात तो करडा ससा बसला होताच. विहीणबाईंनी डबा तीतावहिनींच्या हातात दिला आणि सशाला उचलून घेतलं. "ओत्ताव्हियो, पाला खातोस का रे? खातोस? शहाणा आहेस. आमच्या घरातला खात नाही हो, कितीही वाढा."

द्राक्षवेलीच्या मांडवाखाली टेबल मांडलं होतं. मास्तरांनी बियांकोलेल्ला दगडात कोरलेल्या तळघरातून आणली, पेले भरले. ओत्ताव्हियोंनी एक घोट घेतला आणि ते थांबले.

"काय म्हणता?" मास्तर पुढे झुकले.

"गार आहे," नोटरी म्हणाले.

मास्तरांनी तो अपमान गिळला, कारण त्यांची तोफ अजून यायची होती. तीतावहिनींनी शेवटी कसायाकडून ससा आणून पहाटेपासून शिजवला होता. त्यांनी मातीचं पातेलं आणून मधोमध ठेवलं आणि झाकण उचललं. लसूण, डोंगरावरचा ओवा, तव्यावर फुटलेले छोटे टोमॅटो, आणि रश्शात विरलेली तीच पांढरी वाइन. वास असा, की वरच्या गच्चीवर काकू गप्प झाल्या.

"हा कोण?" क्लोतिल्देंनी विचारलं. त्यांच्या मांडीवर ओत्ताव्हियो झोपला होता.

"हा... कसायाकडचा आहे," मास्तर म्हणाले. "याची आणि त्याची ओळख नव्हती."

"याच्यासमोर?" विहीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी काटा ताटात उलटा ठेवला. बाईंचा आवाज बारीक होता, पण एदोआर्दोनेही काटा ठेवला. लोरेदानाने ठेवला. ओत्ताव्हियो बेर्गादानोंचा हात पातेल्याकडे अर्ध्यावर गेला होता. तो तिथूनच परत फिरला. आपल्या नावाचा प्राणी बायकोच्या मांडीवर झोपला असताना त्याच्या जातभाईला खाणं कायद्यात कुठे बसतं, याचा ते विचार करत असावेत.

पातेलं आत गेलं. मास्तरांची बाग, खड्डा, कचेरी, तालीम सगळं त्याच्याबरोबर आत गेलं. टेबलावर पाव राहिला, वाइन राहिली आणि पाहुणे. मास्तर पावाचा तुकडा कुसकरत बसले. हरणं एक वेळ परवडलं असतं. पण लढाईच होऊ नये, हा अपमान त्यांना सोसवेना.

"अहो, माझा डबा आहे की!" क्लोतिल्दे म्हणाल्या. "प्रवासात असावा म्हणून केला होता." खरं म्हणजे बेटावर काय खायला मिळेल याचा भरवसा नव्हता म्हणून केला होता, हे त्या नंतर, ओळख वाढल्यावर, तीतावहिनींना म्हणाल्या.

डब्यात वासराच्या मांसाचे पातळ काप होते, गार, आणि त्यांच्यावर ट्यूना मासा, खारवलेली मासळी आणि कॅपरच्या आंबट कळ्या वाटून केलेलं पिवळसर दाट आवरण. ओत्ताव्हियोंचा चेहरा उजळला. हे त्यांच्या घरचं होतं. "आता माझी बाटली काढा," ते एदोआर्दोला म्हणाले. "मास्तर, मला आठवण आली बघा. तुम्ही हरलात."

पेटी उन्हात भाजून निघाली होती. त्यांनी तांबडी ओतली, एक घास खाल्ला, घोट घेतला आणि तोंड असं केलं, जसं कुणी दाराची किल्ली चाटलीय.

"कॅपर खारट झालेत," ते म्हणाले.

"दर वेळी तुम्ही हेच म्हणता," क्लोतिल्दे सशाचे कान कुरवाळत म्हणाल्या. "बत्तीस वर्षं माझे कॅपर खारट होतायत. आणि दर वेळी तोंड असंच करता. कॅपरचा दोष नाही, तांबडीचा आहे. लोखंडासारखी लागते ती याच्याबरोबर. पण सांगायचं कोणी?"

तहान मात्र लागलीच होती. नोटरींनी इकडेतिकडे पाहिलं आणि पांढरीचा पेला उचलला. एक घास. एक घोट. दुसरा घास जरा मोठा. मग त्यांनी डोळे मिटले.

"मागून काहीतरी येतंय," ओत्ताव्हियो म्हणाले. "कडवट. बदामासारखं."

"बदामच!" मास्तर उडाले. "आणि आधी? आधी मीठ?"

"मीठ. आणि आंबट काहीतरी. लिंबू."

"साल! लिंबाची साल!"

"साल," नोटरींनी मान्य केलं आणि पेला पुढे केला.

मास्तर उभे राहिले. "व्याहीबुवा, आपण मांस खाताय. वासराचं मांस. त्याच्याबरोबर माझी पांढरी पिताय. मी जिंकलो."

"अजिबात नाही," ओत्ताव्हियो तोंड पुसत म्हणाले. "मी मासा खातोय. वर ट्यूना आहे. मासळीबरोबर चांगली असते, असं मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. जिंकलो मी."

"खाली मांस आहे!"

"वर मासा आहे!"

"काप कशाचे आहेत?"

"चव कशाची आहे?"

हे बराच वेळ चाललं. दोघंही आपापला मुद्दा तपासून पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा खात होते आणि पुन्हा पुन्हा पीत होते, त्यामुळे डबा आणि बाटली एकदमच संपली. शेवटी लोरेदानाने टेबलावर हात आपटला. "लग्न माझं आहे ना? पांढरी. आणि आता दोघांनीही गप्प बसायचं." मुलगी नेमकी कुणावर गेलीय हे तेव्हा सगळ्यांना समजलं आणि तीतावहिनींनी नम्रपणे मान खाली घातली.

दुपारी सगळी आडवी झाली. मास्तरांना झोप येईना. पाणी प्यायला ते उठले, तर स्वयंपाकघरात ओत्ताव्हियो बेर्गादानो उभे. डाव्या हातात पांढरीचा पेला, उजव्या हातात पावाचा मोठा तुकडा, आणि तो हात सशाच्या पातेल्यात कोपरापर्यंत बुडालेला. हनुवटीवर टोमॅटो. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"क्लोतिल्दे कुठाय?" नोटरींनी कुजबुजत विचारलं.

"सशाला घेऊन समुद्रावर गेल्यात."

ओत्ताव्हियोंनी पातेल्यातून एक तंगडी काढली, थोडा विचार केला आणि पातेलं मास्तरांच्या दिशेने सरकवलं. मास्तरांनी आतून कडी लावली आणि दुसरा पेला घेतला. त्यानंतर अर्धा तास स्वयंपाकघरातून पावाचा आणि उसाशांचा आवाज सोडून काहीही आलं नाही. शेवटी ओत्ताव्हियो बोट चाटत म्हणाले, "या रश्शात हीच घातलीय?"

"हीच."

"मग प्रश्नच नाही," ते म्हणाले, आणि मास्तरांना भरून आलं. ही कबुली ऐकायला एकही साक्षीदार नव्हता, एवढंच दुःख.

सप्टेंबरात लग्न झालं. मांडव बागेतच घातला होता. क्लोतिल्दे विहीणबाई आठवडाभर आधी येऊन तीतावहिनींबरोबर स्वयंपाकघरात राहिल्या. सगळ्या गावाला पुरेल एवढे वासराचे काप आणि सगळ्या पीएमोंतेला पुरेल एवढा ससा रांधला गेला. करडा ससा तेवढा पाहुण्यांच्या मांडीमांडीवरून फिरत होता. आणि सगळीकडे पांढरी.

गावकऱ्यांनी ते पिवळं आवरण घातलेले काप पहिल्यांदाच पाहिले होते. ते काट्याने कडा उचलून खाली काय आहे बघत होते. मास्तर टेबलाटेबलावर जाऊन समजावू लागले. "अरे, घाबरताय काय? बियांकोलेल्लाचा खरा जोडीदार हाच. ससा ठीक आहे, रश्शाने तिला जरा दाबतो. हे मात्र बघा, मांस खाली, मासा वर, आणि दोघांच्या मधून ही चालत येते."

मांडवाच्या दुसऱ्या टोकाला ओत्ताव्हियो बेर्गादानो आल्बाहून आलेल्या आपल्या नातेवाइकांना घेऊन पातेल्यापाशी उभे होते. "कापांचं काय घेऊन बसलात? ते घरी रोज असतात. ससा घ्या, ससा! ही वाइन जन्मालाच आलीय सशासाठी. यांचे आजोबा हेच प्यायचे. मी सांगतो ना!"

ते मास्तरांच्या कानावर गेलं. मास्तर ताटासकट तिकडे गेले. "व्याहीबुवा, तुम्ही पाहुण्यांना काय सांगताय?"

"तुमची वाइन कशाबरोबर प्यायची ते."

"मला सांगताय?"

"तुम्हाला कळत नसेल तर सांगायलाच हवं. वासराबरोबर म्हणे! हसतील लोक."

"ससा दाबतो तिला!"

"ससा तिला उठवतो!"

तोबिया न्हावी दोघांच्या मधे पेला घेऊन उभा होता. त्याने दोन्हीकडे पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, तुम्ही नक्की कुणाकडचे?" पण त्याला उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती. एकाने तंगडी उगारली होती आणि दुसऱ्याने काप.

तीतावहिनींनी क्लोतिल्देंकडे पाहिलं. क्लोतिल्देंनी उंच टाचांच्या चपला काढून हातात घेतल्या. दोघींनी जाता जाता एक भरलेली बाटली उचलली आणि बागेच्या टोकाला, जिथून समुद्र दिसतो, त्या दगडी बांधावर पाय सोडून बसल्या. वारा छान सुटला होता. मांडवातला आवाज इथवर येत होता, पण शब्द कळत नव्हते, हे चांगलं होतं.

"विहीणबाई, याच्याबरोबर खायला काही आणू का?" तीतावहिनींनी विचारलं. "काप? ससा?"

क्लोतिल्देंनी एक घोट घेतला. मग आणखी एक.

"कशाला हो?" त्या म्हणाल्या. "नुसतीच किती छान लागते."

तीतावहिनींनी त्यांचा पेला काठोकाठ भरला, आपलाही भरला, आणि बाटली झग्याच्या घोळाआड सरकवून ठेवली. कारण मांडवात वाद रंगात आला होता, आणि दोघंही व्याही एकमेकांचे पेले भरायला नेमकी हीच बाटली शोधत होते.